पालथा ग्लास

खोली पाहायला गेले तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी पाणी प्यायला सांगितलं. हिंगणघाटचा मे महिना आणि बसस्टँडपासून पायी आलेली मी, त्यामुळे यात काही विचित्र आहे असं तेव्हा वाटलं नाही. व्हरांड्यात तिवईवर माठ होता, माठावर लाकडी झाकण आणि झाकणावर स्टीलचा ग्लास. मी पाणी प्याले, ग्लास विसळला आणि पालथा करून परत झाकणावर ठेवला. खुर्चीत बसलेले गृहस्थ एवढा वेळ माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "जमलं. वरची खोली तुमची."

खोली मी त्यानंतर पाहिली. पंखा कुरकुरत होता आणि खिडकीचं एक दार लागत नव्हतं. पण तोवर मी भाडेकरू झालेली होते.

सारं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. उंच, काटकुळे, भर उन्हाळ्यात पांढऱ्या फुलशर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, खांद्याला कापडी थैली. गिरणी होती तोवर ते गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी पानठेले टाकले, ऑटो घेतले. काकाजींनी लग्नं जुळवायला घेतली. आमच्या बौद्ध समाजात हिंगणघाट, समुद्रपूर, अल्लीपूर या पट्ट्यात ज्या ज्या मांडवात वधू पांढऱ्या साडीत उभी राहिली, त्यातल्या कितीतरी ठिकाणी मध्यस्थ हेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःला लेक नाही म्हणून दुसऱ्यांच्या लेकी देत फिरतो, असं लोक तोंडावर म्हणायचे आणि काकाजी मान डोलवायचे.

मला मात्र त्यांनी एकही स्थळ सुचवलं नाही. मी तेव्हा चौतिशीत होते, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते, आणि दिसेल त्या बाईला माझ्या लग्नाची काळजी होती. एकदा मीच गमतीने विचारलं की काकाजी, माझं कधी जुळवता? ते म्हणाले, तुम्ही गेल्या तर टाकीचा कॉक कोण बंद करन? मला लग्न करायचं नाही हे त्यांना न सांगता कळलं होतं, आणि का नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

स्थळ पाहायला गेले की काकाजी बैठकीत टेकत नसत. पोहे यायच्या आत तहान लागल्याचं निमित्त करून सरळ आत, माठापाशी. "बैठक पाहुण्याइसाठी राह्यते, मॅडम," ते मला सांगत. "घर माठापाशी समजते. पाणी कोण भरते, आधी कोण पेते, ग्लास कोण धुते." माठापाशी मन खट्टू झालं की ते बाहेर येऊन म्हणत, आमच्या मुलीले अजून शिकाचं हाय. मग तिथे पोह्यांत कितीही खोबरं घातलेलं असो, काही उपयोग नसे.

आणि लग्न लागलं की आपलं काम संपलं, असं त्यांच्या लेखी नव्हतं. पहिलं वर्षभर ते मुलीच्या सासरी फेरी मारत. सासू समोर, नवरा समोर, दीर समोर. बरी आहेस का, या प्रश्नाला बरी आहे याशिवाय कोणती मुलगी काय सांगणार? म्हणून त्यांनी एक खूण ठरवली होती. गाडी निघायच्या वेळी प्रत्येक नवरीच्या कानाशी वाकून ते ती सांगत. मी आलो का पाणी मागीन. पाणी पेलो का ग्लास तू ठेवजो. पालथा ठेवला तर खुशाल. उताणा ठेवला तर मी तुले घेऊन जातो, कोणाले काही पुसत नाई.

हे नुसतं बोलणं नव्हतं. आर्वीकडच्या एका घरी ग्लास उताणा ठेवला गेला. काकाजींनी चहा संपवला, तुरीच्या पिकाची चौकशी केली आणि मुलीची आत्या आजारी असल्याचं सांगून तिला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन आले. बसमध्ये तिने दंड दाखवला. ती परत गेली नाही. पुढे मुलाकडची माणसं आमच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलली, एकाने चप्पलही भिरकावली. मी वरून बघत होते. काकाजी प्रत्येकाला शांतपणे एकच सांगत होते की ग्लास उताणा होता. त्या लोकांना अर्थातच ओ की ठो कळलं नाही.

हे लग्नांचं झालं. पण काकाजींना खरं वेड होतं कॉमिक्सचं.

त्यांच्या साळ्याचं बसस्टँडवर पुस्तकांचं दुकान होतं, तिथे कॉमिक्स भाड्याने मिळत. मोबाईल आले, पोरं गेली, दुकान उठलं, आणि कॉमिक्सने भरलेल्या दोन लोखंडी पेट्या काकाजींच्या घरी आल्या. अशा रीतीने ऐन साठीत हा माणूस कॉमिक्स वाचायला लागला, आणि वाचायचा तेही शेवटच्या पानापासून. शेवट आधी समजला की हिरोची फिकीर राहत नाही, मग घर नीट पाहता येतं, असं त्यांचं म्हणणं. घर म्हणजे मागचं चित्र. उडणारे, भिंती फोडणारे, डोळ्यांतून आग काढणारे ते वीर काकाजींच्या खिजगणतीत नव्हते. ते भिंग घेऊन कोपरे बघत. विजेच्या खांबावरची तार कुठे जाते का, जिना चढून गेलं तर वर दार आहे का.

"हे पाहा, मॅडम. येवढं मोठं शहर काढलं, अन् एकाबी गच्चीवर कपडे वाळून नाई राह्यले. या शहरात राह्यते तरी कोण?"

निदान त्यांनी केव्हाच करून टाकलं होतं. या नावाजलेल्या वीरांच्या सोयरिकी चुकल्या होत्या. वर्षानुवर्षं तेच थकलेले हात त्यांना काढत होते, आणि इकडे स्वतःच लिहून, स्वतःच काढून, झेरॉक्स मारून, टाचण्या ठोकून पुस्तकं विकणारी गुणी पोरं बिनलग्नाची हिंडत होती. कोणीतरी मध्ये पडायला हवं होतं.

नागपुरात एका सभागृहात अशा पोरांचा मेळा भरायचा. एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. कानात बाळी घातलेल्या एका मुलासमोर हे उभे राहिले आणि विचारू लागले की घरी कोण कोण आहे, आणि कोणी काही सांगितलं नसलं तर काय काढतोस? तो मुलगा घाबरून बापाला फोन लावायला निघाला. प्रत्येकाचं पुस्तक घेऊन काकाजी जिन्यावर बसले, डबा उघडला, एकेक पुस्तक मागून वाचलं आणि जोड्या लावल्या. कामठीचा एक मुलगा नुसत्या रांगा काढायचा, रेशनच्या, दवाखान्याच्या. तो त्यांनी भिंती फोडणाऱ्या पैलवानाला दिला. म्हणाले, हा त्याले थांबनं शिकवन. चंद्रपूरची एक मुलगी फक्त म्हाताऱ्या बायकांचे चेहरे काढायची. ती कधीच वय न वाढणाऱ्या एका तरुण वीराला. ज्याच्या घरी जे नाही, ते घेऊन जाणारी सून बघायची, हा त्यांचा नियम दोन्हीकडे सारखाच होता.

मग कंपन्यांना फोन. "मुलीकडून बोलून राह्यलो," अशीच सुरुवात, चित्रकार चांगला मिशीवाला असला तरी. बहुतेक ठिकाणी फोन लगेच ठेवला जायचा. मी वर पेपर तपासत हसत असायचे. काकाजी पुढचा नंबर लावायचे.

मैना त्याच मेळ्यात भेटली. तिला टेबल मिळालं नव्हतं, दाराजवळ जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. समुद्रपूरच्या पलीकडे, जंगलाला लागून तिचं गाव. घरात बोलायची भाषा गोंडी. बाप वनखात्यात रोजंदारीवर. उन्हाळा लागायच्या आधी जाळरेषा साफ करायचं काम. म्हणजे जंगलात लांबच लांब पट्टा मोकळा करायचा, गवत-पाचोळा जाळून टाकायचा, की पुढे वणवा लागला तर तो पलीकडे जाऊ नये. मैनाच्या पुस्तकात तिचा बाप दिवसभर हा पट्टा झाडतो आणि संध्याकाळी त्याच पट्ट्यावरून वाघ चालत जातो, कारण तिथे पायात काटे मोडत नाहीत. दोघांची भेट कधीच होत नाही. फक्त एकमेकांच्या पावलांवरून आज दुसऱ्याचा पाय दुखतोय का, एवढं दोघांना कळतं. माणसांचं बोलणं गोंडीत आणि खाली बारीक अक्षरांत मराठी. चित्रांतलं मला काही कळत नाही, पण ते पुस्तक मी तिथेच विकत घेतलं. काकाजींनी ते शेवटून वाचलं, आणि मग, मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच, पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं.

तिच्यासाठी त्यांनी निवडला तो सगळ्यांत मोठा, निळ्या झग्याचा वीर. त्याचं नाव लिहीत नाही; काकाजी तर त्याला जावईच म्हणत. "जावई वरून उडते," ते म्हणाले. "त्याले जमीन दाखोनारी पायजे."

जावयाची कंपनी हैदराबादला. या वेळी मात्र फोन ठेवला गेला नाही. मैनाची पानं गेली, ती आवडली, संपादक स्वतः बोलले. काकाजी त्या संपादकांना माघारी सासूबाई म्हणत. काकाजींनी अटी घातल्या. मुलीला खिडकीजवळचं टेबल हवं. पुस्तकात तिचं नाव हवं. पोळ्याला घरी पाठवायचं. सासूबाई हसून सगळ्याला हो म्हणाल्या. इतक्या झटपट सगळं कबूल करणारं घर काकाजींनी एरवी दारातूनच नाकारलं असतं. पण ते सत्तरीच्या पुढे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि जावयाच्या घरी एक तरी लेक द्यायची होती. मला ते दिसत होतं आणि त्यांची काळजीही वाटत होती.

हे ठरलं त्या दिवशी मैनाचे बाबा आमच्या व्हरांड्याच्या कडेला बसले होते. कमी बोलणारा माणूस, मराठी बोलताना आणखीच कमी. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं आमचं कोण हाय?"

"मी हाय ना मधात," काकाजी म्हणाले.

हैदराबादची बस हायवेवरून मिळते. मैनाला बसवून द्यायला आम्ही तिघं गेलो होतो. बस आली तशी काकाजी तिच्या कानाशी वाकले, आणि ते काय सांगणार हे मला माहीत होतं. प्रत्येक अंकात कुठेतरी कोपऱ्यात आपला माठ काढायचा. ग्लास पालथा तर खुशाल, उताणा तर ते न्यायला येणार. मैना हसली. म्हणाली की काकाजी, फोन आहे ना.

"फोनवर सारेच बरे राह्यते, माय. रस्ता एकच हाय. हितून बसलो का तिथंच उतरतो."

पहिला अंक पोस्टाने आला तेव्हा काकाजींनी चष्म्यावर भिंग धरलं. जावई ढगांतून चालला होता, आणि खाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गच्च्यांवर कपडे वाळत होते. एकीचा परकर वाऱ्याने फुगला होता, त्याच्याखाली मांजर बसलं होतं. एका गच्चीच्या कोपऱ्यात तिवई, तिवईवर माठ, माठावर ग्लास. पालथा. काकाजींनी मांडीवर थाप मारली आणि अंक घेऊन बाहेर पडले. पानठेल्यापासून टेलरपर्यंत सगळ्यांना सांगून आले की लेक सुखात हाय.

मग तो रिवाजच झाला. मैनाचे बाबा बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला येत आणि आधी आमच्या व्हरांड्यात थांबत. काकाजी त्यांना पान उघडून देत. बाबा माठावर बोट ठेवत, बोट उचलून पुन्हा बघत, आणि बाजाराला जात. उडणाऱ्या त्या माणसाबद्दल त्यांनी कधी एक शब्दही विचारला नाही. मला तेव्हा त्या दोघांचा हेवा वाटायचा. किती सोपं होतं त्यांचं सुख.

माठ इतर वाचकांच्याही लक्षात आला. कंपनीने मग अंकाच्या शेवटच्या पानावर 'माठ शोधा' अशी स्पर्धाच सुरू केली. काकाजींची छाती फुगली. पोळ्याला मैना आली नाही. काम आहे, असं फोनवर म्हणाली. फोन दर वेळी तेवढाच असायचा. बरी आहे, काम आहे. एकदा मला वाटलं की गच्च्यांवरचे सगळे शर्ट एकाच मापाचे, एकाच घडीचे दिसतायत आणि मांजर कुठेच नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. काकाजींनी भिंग उचललं, कोपरा पाहिला.

"ग्लास पालथा हाय ना?" म्हणाले, आणि अंक मिटला.

ती आली तो बाजाराचा दिवस होता. ऊन चढलेलं, मी कॉलेजातून नुकतीच परतून व्हरांड्यात टेकलेली. मैनाचे बाबा कडेला बसले होते, त्यांच्या गुडघ्यावर नवा अंक उघडा होता. फाटक वाजलं. एक मुलगी आत आली, वाळलेली, केस खांद्यापर्यंत कापलेले, पाठीला बॅग. बापानेही तिला लगेच ओळखलं नाही. ती कोणाशी न बोलता माठापाशी गेली, पाणी प्याली, पुन्हा भरून प्याली. ओढणीने ग्लास पुसला आणि झाकणावर ठेवला.

उताणा.

मग वळून काकाजींकडे पाहत म्हणाली, "आता तरी दिसला का, काकाजी?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काकाजींनी बाबांच्या गुडघ्यावरचा अंक उचलून तिच्यापुढे धरला.

"हा पाह्य ना, माय. पालथा हाय. दर वेळी पालथाच होता."

तिने अंक बराच वेळ पाहिला. मग मागचे अंक मागितले. मी पेटीतून आणून दिले. ती फरशीवर बसून एकेक उलटत गेली. पहिल्या काही अंकांवर तिचा हात थांबे, एकदा मांजरावरून तिने बोट फिरवलं. मग एका अंकाशी येऊन ती थांबली.

"हितपासून मी उताणा काढला होता," ती म्हणाली. "अंकामागून अंक काढला. हा पालथा मी नाई काढला."

नंतर तिने सांगितलं ते तुटक तुटक. त्या ऑफिसात एका माणसाचं कामच ते होतं: मागच्या अंकात जे जसं होतं ते पुढच्या अंकात तसंच आहे ना, हे पाहायचं. झग्याचं बक्कल, कपाळावरचा व्रण, गाडीचा नंबर. माठाची तर आता स्पर्धा होती. मागच्या अंकात ग्लास पालथा, या अंकात उताणा. त्याला वाटलं, चित्रकाराची चूक झाली. त्याने दर वेळी ती दुरुस्त केली. त्यात त्याचं काही वाईट मन नव्हतं. तो त्याचं काम चोख करत होता.

खिडकीजवळचं टेबल तिला मिळालं नव्हतंच. दुसऱ्यांनी आखलेल्या चौकटींत गच्च्या भरून द्यायच्या, दिवस दिवस, आणि वरून बोलणी खायची. गच्च्या सारख्या का नाहीत म्हणून, मांजर कोणी सांगितलं होतं म्हणून. छापलेला अंक ती उघडूनही पाहत नसे, कारण त्यातून तिचं नाव काढून टाकलं होतं. नाव केव्हा गेलं, ते आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही फक्त ग्लास पाहत होतो. पुढे तिची सगळी पानं घालून त्यांनी कॉम्प्युटरला तसंच काढायला शिकवलं, आणि तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यानंतर ती शहराबाहेर औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामावर होती. पेन्सिल हातात धरली नव्हती.

काकाजींनी विचारलं की मग फोन काऊन नाई केला, माय?

"काय सांगू फोनवर? मी खूण देली होती." ती फरशीकडे बघत बोलत होती. "खाली गाडी थांबली का मी राह्याच्या खोलीच्या खिडकीतून पाहो. मंग वाटलं, तुमाले दिसला. तुमी पाह्यला, अन् म्हनलं, राहू दे. सहन करन पोरगी."

मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही. मैनाच्या बाबांनी अंक पुन्हा गुडघ्यावर घेतला होता आणि ते अंगठ्याने त्या छापील ग्लासवर घासत होते, एखादा डाग निघावा तसे. मग ते उठले, लेकीची बॅग खांद्याला लावली. फाटकाशी थांबून काकाजींना एवढंच म्हणाले, "तुमी मधात होते."

दोघं बसस्टँडच्या दिशेने गेले. काकाजी संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत होते. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच निवला.

सोयरीक मोडली की मुलीची भांडीकुंडी परत आणायची जबाबदारी मध्यस्थाची असते. काकाजींनी ती आयुष्यभर पाळली होती. वैर असलेल्या घरांतूनही त्यांनी हंडे-परात मोजून आणले होते. म्हणून एके दिवशी त्यांनी पांढऱ्या शर्टाची सगळी बटणं लावली, थैली घेतली आणि हैदराबादच्या बसमध्ये बसले. माठ परत आणायला. मी नको नको म्हणत होते, तुमचे डोळे काम देत नाहीत म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही.

तिथे त्यांना कोणी हाकललं नाही, हे मात्र सांगायला हवं. बसायला खुर्ची दिली. सासूबाई नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यांच्या जागी एक तरुण मुलगा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं की बाबा, ती मुलगी आमच्याकडे काम करत होती, त्यामुळे माठ आता कंपनीचा आहे. वाचकांना तो आवडतो. तो काढता येणार नाही. काकाजींनी विचारलं, निदान ग्लास तरी उताणा करता का? पोरगी तिथे सुखात नव्हती, एवढं तरी कागदावर खरं राहील. त्या मुलाला ते कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच.

परत आले तेव्हा मी विचारलं, काय झालं? बराच वेळ ते बुटाची नाडी सोडत बसले.

"त्याइच्या हाफिसात माठच नाई, मॅडम," म्हणाले. "पाण्याच्या बाटल्या हायेत."

त्यानंतर काकाजींनी एकही लग्न जुळवलं नाही. लोक येत, मुलामुलींचे फोटो दाखवत. काकाजी फोटो हातातही घेत नसत. कॉमिक्सच्या पेट्यांवर त्यांनी गोधडी टाकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, आता काय पाहाचं राह्यलं. समुद्रपूरच्या बसमध्ये ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परत आले. मैनाला तोंड दाखवायची त्यांची हिंमत झाली नाही. मला त्या माणसाची दया यायची आणि चीडही यायची. एवढ्या लेकींना एवढ्या घरांतून उचलून आणणारा माणूस, आणि एका ग्लासाच्या चित्रावर विसंबून राहिला.

व्हरांड्यातल्या माठावरचा ग्लास त्यांनी मैना ठेवून गेली तसाच ठेवला. उताणा. त्यात धूळ पडायची, मुंग्या पडायच्या. मी धुऊन पालथा घातला की थोड्या वेळाने तो पुन्हा उताणा झालेला असायचा. एकदा वैतागून विचारलंच की काकाजी, हे कोणासाठी?

"ठेवून पाहतो," म्हणाले. "मले न्याले कोणी येते का."

थंडी पडली तसे ते अंथरुणाला खिळले आणि त्यांनी फार दिवस काढले नाहीत. जलदानाच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसांच्या कार्यक्रमाला व्हरांडा भरून माणसं होती. त्यांनी जुळवलेल्या कितीतरी लेकी आल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन, पांढरी साडी नेसून. ती आर्वीकडून आणलेली मुलगीही आली होती. आता नागपुरात नर्स आहे. वंदना झाली, भंते दोन शब्द बोलले, लोक जेवायला बसले. तेव्हा मला फाटकाशी मैना दिसली. बरोबर तिचे बाबा होते.

ती आत आली, माठातलं पाणी प्याली. ग्लास नीट विसळला. तो हातात धरून ती इतका वेळ उभी राहिली की मागे पाण्यासाठी दोघं-तिघं थांबले होते. मग माझ्याकडे आली.

"मॅडम, हा मी नेऊ का?"

भांडी तिचीच होती, असं माझ्या मनात आलं. मी म्हटलं, ने. तिने ग्लास ओढणीत गुंडाळला आणि बॅगेत टाकला. हल्ली काही काढतेस का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. बाबा फाटकाबाहेर उभे होते.

घर आता काकाजींच्या पुतण्याचं आहे. तो नागपूरला असतो, त्यामुळे मी अजून वरच्या खोलीतच आहे आणि टाकीचा कॉक मीच बंद करते. माठ तिथेच आहे. ग्लास नवा आणायचा राहून गेला. मी ओंजळीने पिते.

काकाजींच्या नावाचा अंक अजून येतो. पुढच्या बऱ्याच महिन्यांची वर्गणी त्यांनी आधीच भरून ठेवली होती, आणि ती कशी थांबवायची ते पुतण्याला माहीत नाही. परवाचा अंक पोस्टमनने व्हरांड्यात टाकला, तो मी उघडला. जावई ढगांतून चालला होता. खाली शहर, शहरात गच्च्या, गच्च्यांवर एकाच मापाचे शर्ट. माठ मला लगेच सापडला. ग्लास पालथा होता.